बिघाड करायची नोकरी

लोक विचारायचे, दगूभाऊ, कंपनीत काय काम करता? मी सांगायचो, बिघाड करतो. लोकांना वाटायचं, गडी मस्करी करतोय. पण माझी नोकरी खरंच तीच होती. चांगली चालू असलेली यंत्रं मी बंद पाडायचो आणि त्याचाच पगार घ्यायचो.

आमच्या कॉलनीच्या दिवाळी अंकाच्या बाया म्हणाल्या, काका, ते कामाचं लिहा. मी म्हणालो, मी सातवी पास माणूस, ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही बघा. माझी बायको इंदू माघात वारली. ही हकीगत ती माझ्यापेक्षा झकास सांगायची, तिखटमीठ लावून. आता घरात सांगणारं कोणी नाही, म्हणून मी लिहितोय. तिखटमीठ मला येत नाही.

मी मूळचा पॅनेल वायरमन. नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये आमची कंपनी. पंपाचे स्टार्टर, मीटरच्या पेट्या, असला माल. नव्वदनंतरच्या दिवसांत साहेबांनी कंप्युटरचं खातं काढलं आणि खैरनार मॅडमना आणलं. बाई सटाण्याकडच्या, शिकलेल्या मुंबईला, बोलायला फटकळ. मीही तसलाच. म्हणून जमलं.

जमलं तेही माझ्या धडपडण्यावरून. मॅडमनी टेबलांवर पाच कंप्युटर मांडले होते, एकमेकांना तारांनी जोडलेले. साहेब पाहुण्यांना घेऊन आले होते. मी पॅनेलचं दार उचलून मागून चाललो होतो, पाय तारेत अडकला आणि एक कंप्युटर विझला. त्याच्या मागोमाग बाकीचे चारही थिजले. साहेबांचं तोंड लाल झालं. मला वाटलं, नोकरी गेली. पाहुणे गेल्यावर मॅडम आल्या.

"दगूभाऊ, नेमकं काय केलंत?"

"चूक झाली मॅडम."

"चूक माझी आहे. चार जणांनी थांबायला नको होतं. तुम्ही तार कशी ओढली ते सांगा."

मी दाखवलं.

"पुन्हा करा."

मी पुन्हा पाय अडकवला. जेवणाची सुट्टी होईपर्यंत मी पाय अडकवत होतो आणि मॅडम टकाटका काहीतरी बदलत होत्या. शेवटी एक विझला आणि बाकीचे चार चालत राहिले, तेव्हा मॅडमनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्या खात्यात. हुद्दा काही नव्हता. साहेब म्हणायचे, तोडफोड खातं.

आता पाच कंप्युटर कशाला, ते सांगतो. दिंडोरीच्या पुढे एका गावाची नळपाणी योजना आम्हाला मिळाली होती. नदीवर पंपघर, पुढे पाणी शुद्ध करायचं केंद्र, आणि तीन उंच टाक्या. त्यातली एक टेकडीवर. आधी काय व्हायचं, टाकी भरली की तिथला गडी पंपघरावर फोन करायचा. फोन बंद असला की सायकल मारत यायचा. तोवर टाकी रस्त्यावर सांडायची आणि पलीकडची आळी कोरडी राहायची. आमच्या कामात पाचही ठिकाणी एकेक कंप्युटर. कुठल्या टाकीत किती पाणी, कुठला व्हॉल्व्ह उघडा, कुठला पंप चालू, ही सगळी माहिती पाचही जणांकडे सारखी. एकाकडे बदललं की लगेच सगळ्यांकडे बदलायचं. मॅडम त्याला डेटाबेस म्हणायच्या. तार तुटली तर वायरलेस, वायरलेस गेला तर तार. वर कोणी मुकादम नाही. एक जळाला तर चौघांनी गाव सांभाळायचं. चार गेले तरी पाचव्याने जमेल तेवढं एकट्याने ओढायचं. साहेब गिऱ्हाइकाला हेच छाती ठोकून सांगायचे.

आणि सगळं वेळेत. टाकी भरल्याची बातमी टाकी सांडायच्या आत पोचली पाहिजे. मॅडम म्हणायच्या, उशिरा आलेली खरी बातमी आपल्या धंद्यात खोटीच धरायची.

मी हे घरी इंदूला समजावून सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "एका घरात पाच सुना, आणि पाचींना कुठल्या डब्यात काय ते सारखंच ठाऊक? असलं घर मी तरी पाहिलं नाही."

ते घर मोडायचं काम माझं. प्लग उपटणं म्हणजे पोरखेळ. मेलेला कंप्युटर सोपा असतो, बाकीच्यांना कळतं की गेला. जड जातो तो अर्धवट जिवंत. म्हणून मी तारेचा एक सांधा मुद्दाम ढिला ठेवायचो, वाऱ्याने लागायचा, वाऱ्याने तुटायचा. बाकीचे चार त्याला मेला म्हणेपर्यंत हा बोलायला लागायचा. त्या एका सांध्यावर मॅडमचे आठवडेच्या आठवडे गेले. मग मी एकाच्या पंख्यापुढे गोणपाट लावला. तो तापला आणि सगळं बरोबर पण उशिरा सांगायला लागला. हा सगळ्यांत वाईट. खोटं बोलणारा लवकर पकडला जातो, उशीर करणारा शहाण्यासारखा दिसतो.

"दगूभाऊ, तुम्हाला घरी काही काम नाही का?" मॅडम वैतागून म्हणायच्या.

"तुम्हीच म्हणाल्या, सुचेल ते करा."

"आज सुट्टी घ्या."

"सुट्टी नको. माझी पक्कड कुठे लपवली ते सांगा."

पण प्रत्येक बिघाडानंतर त्या एक उपाय काढायच्या, आणि दुसऱ्या दिवशी माझी पक्कड माझ्या टेबलावर असायची. घरी मात्र माझी किंमत शून्य. मिक्सर बंद पडला की इंदू शेजारच्यांना हाक मारायची, "यांना नका दाखवू हो. हे चालू दिवेपण घालवतील."

पाणीखात्याचे साहेब पहिल्यांदा शेडमध्ये आले तेव्हा म्हणाले, "पाच कशाला? एकच भारीतला घ्या ना, कधी न बिघडणारा."

मॅडम म्हणाल्या, "कधी न बिघडणारी वस्तू मी अजून पाहिली नाही. तुम्ही पाहिलीय का?"

साहेबांनी वर बघितलं. आमच्या शेडचा पंखा नेमका बंद होता. पुढे त्यांनी तो विषय काढला नाही.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे नाना, योजनेचे पंपचालक. पांढरी टोपी, मोठ्या मिशा, आणि पंपघर म्हणजे स्वतःचं घर. माल बसवायला गेलो तेव्हा कंप्युटरकडे बघून म्हणाले, "हा टीव्ही माझ्या पंपाला काय शिकवणार?" आठवड्याने बघतो तर कंप्युटरची पाठ गरम लागते म्हणून नाना त्यावर जेवणाचा डबा ठेवून कालवण ऊन करत होते. मी मॅडमना म्हणालो, एवढी वर्षं बिघाड करतोय, पण हे मला सुचलं नव्हतं.

अट अशी होती की दिवाळीपर्यंत योजना आमच्या यंत्रांवर चालवून दाखवायची. चुकलं तर सगळी खोकी उचलून न्यायची. आमच्या साहेबांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, माल परत आला तर कंप्युटरचं खातं बंद, पुन्हा मीटरच्या पेट्या. मॅडमची कितीतरी वर्षं त्यात गेली होती. आणि मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी विचारत होतं, दगूभाऊ, तुम्हाला काय वाटतं? मला पेट्यांत परत जायचं नव्हतं. मी गावातच मुक्काम ठोकला, पंपघरामागच्या खोलीत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे कारखाना असो की गॅरेज, त्या दिवशी हत्यारं धुवायची, पाटावर मांडून पूजायची आणि यंत्रांना विश्रांती द्यायची. नानांनी पंपघर धुतलं, झेंडूची माळ लावली. पाटावर पाने, हातोडा, पक्कड. आणि मोठ्या पंपाचे फ्यूज उपटून तेही हळद-कुंकू लावून पाटावर.

मी म्हणालो, "नाना, फ्यूज कशाला?"

"वर्षभर तेच जळतात ना पंपासाठी? बसू दे एक दिवस मानाने."

पंपाला सुट्टी, मग कंप्युटरनेच काय पाप केलंय? नानांनी सगळीकडे फोन केले, पूजा करा, खोकीपण बंद करा. मला विचारलं. मी म्हणालो, करा खुशाल. शेडमध्ये मी पाचही कितीदा बंद पाडले होते. पण ते मेन स्विच पाडून, एका दणक्यात. एकेक करून, शांतपणे, नारळ फोडून कधीच नाही.

टेकडीवरच्या गड्याला सासुरवाडीला जायचं होतं. त्याने भल्या सकाळी आपला कंप्युटर बंद केला. त्या वेळी त्याची टाकी रिकामी होती. त्यानंतर फिटर युसूफभाई आले. म्हणाले, "पंप बंदच है, तो वो गळका जोड आजच बदलतो." पंपघराच्या बाहेर खोल खड्डा, त्यात मोठा पाइप. नानांनी कंप्युटरवर बंदी टाकली, म्हणजे या लाइनवर माणूस आहे, पंप चालवू नका. पडद्यावर लाल पट्टी आली. चालू असलेल्या चौघांकडे ती लाल पट्टी गेली. टेकडीच्या कंप्युटरला अर्थातच काही कळलं नाही, तो झोपला होता. मग एकेक करून बाकीचेही बंद झाले, शेवटी पंपघराचा. युसूफभाई खाली उतरले आणि त्यांनी पाइप मोकळा केला. आता पंप लागला तर सगळं पाणी त्यांच्याच अंगावर.

आरती झाली. नानांनी फोन केला, "झालं रे सगळ्यांचं, करा चालू." आम्ही प्रसाद वाटत बसलो. टेकडीवरच्याला घाई, त्याने लगेच चालू केला. तो कंप्युटर उठला, त्याने हाका मारल्या, कोणीच ओ दिली नाही. त्याला शिकवलेलं होतं, कोणी नसेल तर तू एकटा ओढ. तो ओढायला लागला. टाकी रिकामी, बंदी कसली नाही. मग नानांनी पंपघराचा चालू केला. त्याला शिकवलेलं होतं, उठलास की जो आधीपासून जागा आहे त्याचं ऐक. त्याने आपली खरी माहिती पुसली आणि टेकडीवाल्याची शिळी माहिती घेतली.

मी खोबरं चावत पडद्याकडे बघत होतो. लाल पट्टी नव्हती. ती का नाही, असं मनात येतंय तोच पॅनेलमध्ये खट्ट आवाज आला. वायरमनला तो आवाज सांगावा लागत नाही. पंपाचा स्टार्टर लागला होता.

मी ओरडलो, "युसूफभाई, वर या!" आणि मेन खाली ओढला.

पंप मात्र फिरलाच नव्हता. पॅनेलचा करंट वेगळा, पंपाचा वेगळा, आणि पंपाचे फ्यूज पाटावर झेंडूत बसले होते. युसूफभाई शिडीवरून वर आले, हातात पाना. आमची तोंडं बघून म्हणाले, "क्या हुआ? कोण मेलं का?"

नानांनी टोपी काढली. पाटाकडे बघत म्हणाले, "नाही. कोणी नाही मेलं."

पंपघराच्या फोनवरून नाशिक लागत नसे, म्हणून मी एसटीडी बूथवर गेलो. "मॅडम, या. आज मी काही केलेलं नाही. पूजेने पाडलं." मिळेल त्या एसटीने मॅडम आल्या, मागून जीपने आमचे साहेब. मी सगळं क्रमाने सांगितलं. साहेबांनी दार लोटलं आणि हळूच विचारलं, "बाहेर कोणाला कळलंय का?"

मॅडम म्हणाल्या, "मला कळलंय ना."

"अहो, काही झालेलं नाही. दिवाळी तोंडावर आलीय."

"साहेब, तो माणूस खाली होता."

आणि बाई सरळ पाणीखात्याच्या साहेबांकडे गेल्या, मला साक्षीला घेऊन. तिथे सगळं सांगितलं, काहीही न लपवता. ते साहेब बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं. म्हणून दिवाळीपर्यंतची मुदत तशीच ठेवतो. तोवर पंप नाना हाताने चालवतील. दिवाळीआधी मला दाखवा. नाहीतर खोकी उचला."

परतीच्या एसटीत मॅडम म्हणाल्या, "एकटा राहिला तरी काम करायचं, हे मी त्याला शिकवलं. पण आपण शेवटचे उरलेलो आहोत की नुसते आधी उठलोय, हे त्याला कुठे कळतंय?"

उपाय त्यांनीच काढला. तो कळला तेव्हा मला वाटलं, एवढं साधं? पण साधं सुचायलाच जीव जातो. प्रत्येक कंप्युटरने झोपताना लक्षात ठेवायचं, की मी झोपलो तेव्हा कोण कोण जागं होतं. उठल्यावर ते आठवायचं. माझ्यामागे कोणी जागं असेल, तर माझ्यामागे काहीतरी घडलं असेल. मग आपली अक्कल चालवायची नाही, गप्प वाट बघायची. जो सगळ्यांत शेवटी झोपला, त्याची माहिती खरी. तो उठला की सगळ्यांनी त्याचं ऐकायचं.

मी म्हणालो, "आणि तो शेवटचा जळूनच गेला तर? बाकीचे जन्मभर वाट बघणार?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. "दगूभाऊ, जेवू द्या हो."

पण जेवण झाल्यावर त्यांनी तेही केलं. एक किल्ली ठेवली. शेवटचा जळाला, तर माणसाने जागेवर जाऊन खड्डे, पाइप, व्हॉल्व्ह डोळ्यांनी बघायचे आणि मग किल्ली फिरवायची. ही अक्कल यंत्राला द्यायचीच नाही. किल्ली कोणाकडे, यावर चर्चाच झाली नाही. नानांकडे.

मग माझं काम. पाच यंत्रं किती वेगवेगळ्या क्रमाने झोपवता आणि उठवता येतात, ते करून बघा म्हणजे कळेल. मी सगळे क्रम केले. घरी जेवायला बसलो तरी बोटांवर चालू. इंदू चिडली की तिची कळवणची अहिराणी बाहेर यायची. "तुमनं डोकं ठिकाणवर शे का?" म्हणाली. "भाकरी थंड होतेय आणि तुम्ही बोटं झोपवताय!"

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पंपघरात परीक्षा झाली. पाणीखात्याचे साहेब, दोन मेंबर, नाना, युसूफभाई, दारात निम्मं गाव. साहेब हुशार. म्हणाले, "क्रम मी सांगणार." कुठला आधी बंद करायचा, मध्येच बंदी कधी टाकायची, सगळं त्यांनी सांगितलं. शेवटी शुद्धीकरण केंद्राचा कंप्युटर राहिला, तोही बंद केला. आणि मग म्हणाले, "आता आधी टेकडीचा चालू करा."

टेकडीचा चालू झाला. मग पंपघराचा. पडद्यावर नुसतं एक वाक्य, 'वाट पाहत आहे'. वेळ जायला लागला. दारातून कोणीतरी म्हणालं, "बंद पडलं वाटतं."

आमच्या साहेबांनी रुमाल काढला. मॅडम म्हणाल्या, "बंद नाही. थांबलंय."

उरलेल्या दोन्ही टाक्यांचे उठले, तेही थांबले. पंप गप्प. नाना माझ्या कानात म्हणाले, "माझी म्हैस पण एवढी ऐकत नाही." शेवटी शुद्धीकरण केंद्राचा उठला. पापणी लवायच्या आत पंपघराच्या पडद्यावर लाल पट्टी. टाक्यांवरून एकापाठोपाठ फोन, इथे लाल, इथेपण लाल, टेकडीवरपण लाल! युसूफभाईंनी पाना हवेत उडवला. मॅडम भिंतीला टेकून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

पाणीखात्याचे साहेब मला म्हणाले, "तुम्हीच तो बिघाडवाले ना? आता तुमच्या मनाने एक करा."

मी शुद्धीकरण केंद्रावर फोन करून त्यांचा कंप्युटर मुळासकट उपटून गाडीत टाकायला सांगितला. बाकीच्या चौघांनी कामात खंड पडू दिला नाही. युसूफभाईंनी खड्डा रिकामा असल्याचं सांगितलं, नानांनी लाल पट्टी काढली, पंप सुरू झाला आणि टाकी भरली की आपोआप थांबला. साहेबांनी तिथेच सही केली. पुढे आमच्या खात्याने बऱ्याच गावांचं पाणी सांभाळलं. पेट्यांत मी परत गेलो नाही.

पुढच्या खंडेनवमीला नानांचा निरोप आला, यंदा पूजेला जोडीने या. इंदूने ठेवणीतलं लुगडं काढलं. पूजा आम्ही दोघांनी केली. पाचही कंप्युटर एकेक करून बंद झाले, आणि युसूफभाई या वेळीही खाली खड्ड्यात होते, त्यांना तो जोड पुन्हा आवळायचा होता. मग मी मुद्दाम टेकडीचाच आधी उठवायला सांगितला, मागून पंपघराचा.

इंदू पडद्यापुढे उभी राहिली. "हा बोलत का नाही?"

"वाट बघतोय."

"कोणाची?"

"जो शेवटपर्यंत जागा होता त्याची."

तिने मान डोलावली आणि कंप्युटरला कुंकू लावलं. युसूफभाई काम उरकून ओल्या पायांनी वर आले, तिच्या हातून खोबरं घेतलं. तिने विचारलं, "भाऊ, खाली भीती नाय वाटली?"

"भीती कशाची, भाभी? मला तर पंपाची आठवणसुद्धा नाही आली."

तिने खोबऱ्याची वाटी आवरली आणि आम्ही निघालो. एसटीत खिडकी मला देऊन ती कडेला बसली. मला वाटलं, कंटाळली. मग गाडी सुटली आणि शेजारच्या अनोळखी बाईला तिने सुरुवात केली. दिंडोरी येईपर्यंत अख्ख्या गाडीला कळलं की या गावाचं पाणी तिच्या नवऱ्याने बांधलंय. मशीन त्याने बनवलं, किल्ली त्याची, फ्यूजपण त्यानेच काढून ठेवले होते. निम्मं खोटं होतं. मी खिडकीतून द्राक्षाचे मळे बघत बसलो. तिला दुरुस्त केलं नाही.